‘तिसऱ्या’ लिहिता येत नसेल तर तो फॉन्ट काय कामाचा?

संपादक महोदय,

परवाच्या रविवारच्या पुरवणीत पणजीतल्या जुन्या घरांमध्ये निघालेल्या नव्या कॅफेंवर तुमचं पानभर फीचर आलं होतं, ते मी दुकानात बसून दोनदा वाचलं. फोटो सुरेख होते, मळा भागातली पिवळी-निळी घरं, बाल्कांव म्हणजे दारातले बाकांचे ओटे, शिंपल्यांची तावदानं, सगळं. पण माझा धंदाच असा आहे की नजर आधी बोर्डावर जाते. इंग्लिश नाव प्रत्येक ठिकाणी एकदम झकास, नक्षीदार, अक्षरांना शेपट्या, मागे सावली, कडेनं बारीक वेलबुट्टी, आणि खाली तेच नाव देवनागरीत लिहिलंय तिथं मात्र कॉम्प्युटरने जे उघडून दिलं तेच ठेवलंय, म्हणजे मंगल फॉन्ट, तोसुद्धा आडवा ताणून. नवरी शालू नेसून उभी आणि शेजारी नवरा बनियनवर, तसं दिसतं ते. आणि रागवू नका, पण त्या लेखाचं तुमचं स्वतःचं हेडिंग पण काही वेगळं नव्हतं, जागेत बसवायला दोन्ही बाजूनी दाबलेलं, उभे दांडे काडीसारखे आणि शिरोरेषा तेवढी तुळईसारखी जाड.

मी म्हापशाला डीटीपी आणि बोर्डांचं छोटं दुकान चालवतो, १९९८ पासून. त्याआधी बाबा पेंटर होते, म्हणजे भिंती रंगवणारे नव्हे, अक्षरं काढणारे. दुकानांचे पत्रे, टेम्पोच्या मागची नावं, देवळाच्या काल्याला गावातली पोरं नाटक करायची त्याचा तिठ्यावरचा बोर्ड, प्रासादिक मंडळांचे दर्शनी पडदे. मी त्यांच्या हाताखाली ब्रश धुतले आणि पुढे माउस धरला, त्यामुळे दोन्हीकडचं थोडं थोडं कळतं, पूर्ण कशातलंच नाही असं बाबा म्हणायचे.

आता गेली पाच-सहा वर्षं दर दुसरं गिऱ्हाईक येऊन एकच सांगतं, पोरनें गोंय दिसपाक जाय, म्हणजे जुना गोवा दिसायला हवा. मोबाईलवर कुठल्यातरी साईटचा फोटो दाखवतात, असला फॉन्ट पायजे म्हणतात. त्यांना मी काही बोलत नाही, धंदा आहे, पण तुम्हाला सांगतो, त्या ‘जुन्या गोव्याच्या’ अक्षरांतलं बहुतेक काही गोव्याचं नाहीच आणि पोर्तुगालचंही नाही. ती लठ्ठ-बारीक काळी अक्षरं एकोणिसाव्या शतकाच्या सुरवातीला लंडनमध्ये आली, लॉटरीच्या आणि दुकानांच्या जाहिरातींसाठी, लांबून ओरडायला. मग १८२७ च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये डॅरियस वेल्स नावाच्या माणसाने लाकडाची अक्षरं कोरायचं मशीन काढलं, शिशाचं मोठं अक्षर जड आणि महाग पडायचं, लाकडाचं हलकं आणि स्वस्त, आणि १८३४ मध्ये लेव्हनवर्थ नावाच्या दुसऱ्याने त्याला पॅंटोग्राफ, म्हणजे नमुना गिरवून लहानमोठी नक्कल काढायचा सांगाडा, जोडला तेव्हा तर एकाच नमुन्यावरून लांबट म्हणा, रुंद म्हणा, हवं ते काढता यायला लागलं. सर्कशीची पोस्टरं, ‘पकडून द्या, बक्षीस मिळवा’ वगैरे वेस्टर्न पिक्चरमध्ये दिसतं ते सगळं तिथलं. बारच्या बोर्डावर हमखास दिसतो तो अल्जेरियन फॉन्ट, त्याचा अल्जेरियाशी संबंध नाही, तो इंग्लंडात शेफिल्डच्या स्टीफनसन ब्लेक फाउंड्रीतला, आणि आपल्याकडे आला तो ऑफिसच्या सीडीतून. गुबगुबीत कूपर ब्लॅक १९२२ चा, शिकागोचा. आणि ज्या गोलगोल वळणदार फॉन्टवर निम्म्या शॅकवाल्यांनी आपलं नाव काढून घेतलंय तो लॉबस्टर तर २०१० चा, अर्जेंटिनाच्या पाब्लो इम्पल्लारीने केलेला, म्हणजे माझ्या दुकानापेक्षा बारा वर्षांनी लहान! (मांडवीतल्या कॅसिनोंच्या पाट्या बघितल्या की मात्र वाटतं, लॉटरीची अक्षरं फिरून बरोबर जागेवर आली.)

खरी जुनी अक्षरं बघायची तर ओल्ड गोव्याला सेंट फ्रान्सिसच्या चर्चमध्ये खाली बघून चाला, जमिनीत बसवलेल्या थडग्यांच्या शिळांवर कोरलेली आहेत. नाहीतर फोंताइन्हासमधल्या निळ्या-पांढऱ्या टाईल्सवरची नावं, ती ब्रशने काढलेली आहेत, ब्रश कुठे टेकला आणि कुठे उचलला ते दिसतं. ते कुणाला नको असतं, कारण ते डाउनलोड होत नाही.

बरं, इंग्लिशचं निदान काहीतरी डाउनलोड होतं तरी. देवनागरीचं काय, त्याचं मूळ दुखणं ४०० वर्षांपूर्वीचं आहे आणि ते आपल्या गोव्यातच सुरू झालंय, म्हणून हे पत्र.

भारतातला पहिला छापखाना १५५६ मध्ये गोव्यात उतरला हे आपण भाषणात छाती फुगवून सांगतो. तो खरं म्हणजे निघाला होता ॲबिसिनियाला, म्हणजे आजच्या इथिओपियाला, इथं राहिला, आणि सेंट पॉल कॉलेजात लागला. पण त्या छापखान्यात देवनागरी अक्षराचा एक खिळा नव्हता. फादर थॉमस स्टीफन्सनी जवळपास ११,००० ओव्यांचं ख्रिस्तपुराण लिहिलं, भाषा मराठी, छंद ओवीचा, आणि १६१६ मध्ये रायतूरला छापलं ते रोमन लिपीत. त्यांना काय हौस नव्हती रोमीची. १६०८ मध्ये त्यांनी रोमला वरिष्ठांना पत्र लिहिलं त्यात म्हटलंय की इथल्या भाषेत आणि इथल्याच लिपीत पुस्तक छापावं ही फार वर्षांची इच्छा आहे, पण साचे लागतील ६००, कारण इथली अक्षरं म्हणजे युरोपातली २४ मुळाक्षरं नव्हेत, काना-मात्रेसकट आख्खी अक्षरं आहेत. ६०० साचे कोण पाडणार? कुणी नाही पाडले. देवनागरीतलं मराठी छापायला १८०५ उजाडलं आणि तेही तिकडे बंगालात सेरामपूरला, विल्यम कॅरी या मिशनऱ्याच्या प्रेसमध्ये. मग पुढे मुंबईत गणपत कृष्णाजी, जावजी दादाजींचा निर्णयसागर, त्यांच्या टाइपाचं देखणेपण अजून कुणी गाठलेलं नाही असं जुने कंपोझिटर सांगायचे.

तर तो ६०० चा आकडा अजून तसाच आडवा येतो. इंग्लिशचा नक्षीचा फॉन्ट करायला दोनशे-अडीचशे चित्रं काढली की भागतं. देवनागरीला जोडाक्षरं धरून कित्येक शेकडे लागतात, आणि प्रत्येकावर सावली, पोटात रेघ, टोकाला फूल म्हटलं की करणाऱ्याचा जीव जातो. म्हणून मग जे फुकट फिरत असतात त्यांत निम्मी जोडाक्षरं नसतातच, पाय मोडून ठेवलेले असतात. आणि ल आणि श हिंदी वळणाचे. आता ल-श वरून भांडायला आलेला माणूस म्हणून मला दुकानात हसतात, पण मराठी माणसाच्या डोळ्याला ते खटकतंच, निदान वयाची चाळीशी उलटलेल्यांच्या.

यावरून ती तिसऱ्यांची गोष्ट सांगतो, तिसऱ्या म्हणजे आपल्या खायच्या शिंपल्या. शिवोलीकडचं एक गिऱ्हाईक, बार-रेस्टॉरंट, त्यांना मेनूचा मोठा बोर्ड हवा होता, वर इंग्लिश, खाली मराठी, सगळं ‘व्हिंटेज’. मला घाई होती, चवथ तोंडावर, म्हणून फाईल बाहेर दुसऱ्याकडे करायला दिली. त्यांनी कुठलातरी नक्षीचा फॉन्ट लावला, खुबे बरोबर आले, शिनाणे बरोबर आले, आणि तिसऱ्यांच्या जागी ‘तिसर्या’. म्हणजे ऱ्या मधला तो आडवा र, डोळ्याच्या पापणीसारखा, तो त्या फॉन्टात नव्हताच, म्हणून मशीनने आपलं र चा रफार करून या च्या डोक्यावर बसवला. आता सूर्या, भार्या, तसं तिसर्या. वाचून बघा तोंडाने, जीभ अडकते. सावंतवाडीहून आलेल्या कुणी पावण्याने म्हणे वेटरला विचारलं, ही तिसर्या कोण. बोर्ड लावून चार दिवस झाले होते. मालक फोनवर जे बोलले ते इथं लिहित नाही. शेवटी मी दुसऱ्या फॉन्टातली ऱ्या ची वाकडी रेघ उचलली, कर्व्ह केली, एकेक नोड ओढून या नक्षीला जमवली आणि बोर्ड परत फुकट छापून दिला. चूक माझीच, तपासायला हवं होतं.

पण असलं किती जागी जुळवणार. गोव्यात तर ऱ्य आणि ळ आणि म्ह शिवाय पान हलत नाही, म्हापसा पण लिहिता यायचं नाही. कॅफे, ॲग्रो हे वरचे चंद्र पण हवेत, ॲ च्या जागी रिकामा चौकोन छापून आलेले बोर्ड मी हायवेवर पाहिलेत. आणि कोकणी की मराठी हा वाद कृपा करून कुणी इथं काढू नये, देवनागरी दोघांची, पाय मोडलेलं जोडाक्षर दोघांचंही लंगडतं. रोमीवाले तेवढे यातून सुटले.

दुसरा घोळ म्हणजे इंग्लिशला जे शोभतं ते जसंच्या तसं देवनागरीवर लादायचं. जुना लूक म्हटलं की आजकालची पोरं अक्षरांत लांब लांब अंतर ठेवतात, इंग्लिशला ते छान दिसतं, देवनागरीला केलं की शिरोरेषेचे तुकडे पडतात, वाळत घातलेली सुकी मासळी जशी. तेच आउटलाइनचं. अक्षरं एकमेकांवर जरा चढलेली असतात म्हणून शिरोरेषा अखंड दिसते, पण वेल्ड न करता, म्हणजे अक्षरं एकात न जोडता, आउटलाइन मारली की प्रत्येक सांध्यावर उभी चीर दिसते. कमानीसारखं नाव वळवायचं असलं तर प्रत्येक अक्षर आपापलं सरळ उभं राहतं आणि वरची रेघ पायरी-पायरीने जाते. बाबा आधी पत्र्यावर कमान मारायचे, खिळा, सुतळी आणि खडू, आणि मग त्या कमानीला अक्षरं टांगायचे, टांगायचे हाच शब्द त्यांचा, कपडे दोरीवर टांगतात तसे. शिरोरेषा आधी की अक्षर आधी यावर त्यांची आणि दुसऱ्या एका पेंटरची बाजारातल्या चहाच्या गाड्यावर वर्षानुवर्षं वादावादी चालायची, मला लहानपणी वाटायचं हे कसलं भांडण, आता कळतं.

आणि एक गोष्ट जी मला पण उशिरा कळली. आपला बोरू छाटतात तो काप इंग्लिश पेनच्या उलट बाजूला तिरका असतो. त्यामुळे इंग्लिश अक्षरात जिथं जाड येतं त्याच्या उलट तिरकीला आपलं जाड येतं. मग कुणीतरी इंग्लिश लठ्ठ-बारीक फॉन्ट समोर ठेवून त्याच्यासारखी देवनागरी करतो, उभं सगळं जाड आणि आडवं सगळं केसासारखं, आणि क चं पोट, व चं पोट आजारी माणसासारखं सुजतं. नक्षी नंतरची, आधी हाडं जागेवर हवीत. शेपट्या काढायच्या तर आपल्याकडे काय कमी आहेत? उकार आहे, वेलांटी आहे, ळ ची गाठ, ह चं शेपूट. बाबा दुकानाच्या नावातली पहिली वेलांटी पूर्ण नावावरून फिरवून शेवटच्या अक्षराला आणून टेकवायचे. श्री तर त्यांचा दर बोर्डाला वेगळा, एकसारखा श्री काढला तर देव रागावतो म्हणायचे. नाटकाच्या बोर्डांसाठी ते मुंबईच्या पेपरातल्या नाटकांच्या जाहिराती कापून एका वहीत चिकटवायचे, त्यांतल्या कितीतरी कमल शेडग्यांच्या अक्षरांतल्या. प्रत्येक नाटकाला वेगळं अक्षर, नुसतं नाव बघून कळायचं की हसायचंय की रडायचंय. ती वही वाळवीने खाल्ली, त्याचं मला अजून वाईट वाटतं.

याच्या अगदी उलट टोकाला किनाऱ्यावरचे ते बोर्ड, इंग्लिश अक्षरांना वरून एक आडवी रेघ मारून ‘इंडियन’ केलेले. समरकन म्हणतात त्या फॉन्टला, १९९० च्या दशकात परदेशात केलेला. कळंगुट-बागाला योगा, मसाज, करी, जिथं बघाल तिथं तो. परदेशी माणसाने केलं तर एकवेळ ठीक, त्याला शिरोरेषा म्हणजे मिशी वाटते. पण आपलं गिऱ्हाईक येऊन मला म्हणतं देवनागरी नको, ह्यातच इंडियन लूक येतो, तेव्हा काय म्हणू?

आता कुणी म्हणेल चांगलं काही मिळतच नाही तर दुकानदाराने करायचं काय. असं अजिबात नाही हो! २० वर्षांपूर्वी होतं तसं, तेव्हा श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरची सीडी आणि डोंगल असला म्हणजे तुम्ही राजा, आणि तिथल्या नक्षीच्या फॉन्टांवर आम्ही अर्ध्या बार्देसच्या लग्नपत्रिका काढल्या. आज गूगलवर फुकट मिळतात. मुंबई लोकलच्या स्टेशनांवरच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून केलेला यात्रा वन आहे. एकटाईप या फॉन्ट करणाऱ्या मंडळींचा मोदक आहे, इतका लठ्ठ की अक्षराच्या पोटात नुसती चीर उरलीय, मुलांच्या दुकानाला, मिठाईला काय शोभतो. कल्पसूत्राच्या जुन्या जैन पोथ्यांच्या हस्ताक्षरावरून केलेला जैनी आहे, त्याच्यात एखाद्या हेरिटेज घराचं नाव काढून बघा, बोरूचा फटका तसाच्या तसा दिसतो. लठ्ठ-बारीकच हवं तर रोझा वन आहे, देवनागरी आणि इंग्लिश दोन्ही एकाच घरातले. हे लोक शिकलेले आहेत, ६०० च्या वर चित्रं काढून बसलेले आहेत आणि वर फुकट देतायत, आणि आम्ही अजून मंगल ताणतोय. मंगलला मी नावं ठेवत नाही, र. कृ. जोशींसारख्या माणसाने काढलेला आहे तो, पण स्क्रीनवर बारीक मजकूर वाचायला काढलाय, बारच्या दारावर टांगायला नाही. तरी लावण्याआधी एक करा, ‘तिसऱ्या’, ‘म्हापसा’ आणि ‘ॲ’ टाईप करून बघा, तीन शब्दांत फॉन्टचं पाणी कळतं.

पण मला जे तुमच्याकडे मागायचंय ते वेगळंच आहे. गोव्याच्या बोर्डांवरून केलेला असा एकही देवनागरी फॉन्ट माझ्या तरी हाती आजवर आलेला नाही. आणि ते बोर्ड संपत चाललेत. म्हापशाच्या मार्केटमधले, मडगावच्या जुन्या बाजारातले, फोंड्याकडच्या देवळांच्या अग्रशाळांवरचे, साखळी-डिचोलीकडच्या पसऱ्यांवरचे, म्हणजे छोट्या दुकानांवरचे. पत्रा गंजला की फ्लेक्स येतं, स्क्वेअर फुटावर स्वस्त पडतं आणि दुसऱ्या दिवशी मिळतं, मीच छापून देतो, मला माहीत आहे. दिल्लीत हनीफ कुरेशी म्हणून कलाकार होते, २०२४ मध्ये वारले, त्यांनी रस्त्यावरच्या पेंटरांना गाठून त्यांच्याकडून अक्षरं काढून घेतली आणि त्यांचे फॉन्ट केले, फॉन्टला नाव त्या पेंटरचंच. आपल्याकडे आल्तिनोला आर्ट कॉलेज आहे, १९७२ पासूनचं, पोरं हुशार आहेत, त्यातली दोन-तीन माझ्याकडे प्रिंटआउट काढायला येतात. पण त्यांना नमुने कुठे मिळणार, ते तर पत्र्यासकट भंगारात जातायत.

म्हणून म्हणतो, पुरवणीत दर रविवारी एका जुन्या बोर्डाचा फोटो छापा, वाचकांकडून मागवा. मोठा छापा, कोपऱ्यात तिकिटाएवढा नको. कुठल्या गावचा, कधीचा, पेंटर कोण ते माहीत असेल तर. पेंटरने खाली कोपऱ्यात सही केलेली असते बहुतेक, बारीक अक्षरात, ती कापू नका. फोटो तिरका नको, समोरून, दुपारच्या उन्हात पत्रा चमकतो म्हणून सकाळी काढायला सांगा. माझ्याकडे मोबाईलवर काढलेले चाळीसेक आहेत, पेन ड्राइव्हमध्ये घालून तुमच्या म्हापशाच्या ऑफिसात आणून देतो, मोबदला नको.

शुक्रवारच्या बाजाराकडे एक जुनं कापडाचं दुकान आहे, त्याच्यावरचा बोर्ड बाबांच्या हातचा, वेलांटी फिरवलेला. मुलगा आता तिथं मोबाईलचं दुकान काढतोय, दिवाळीनंतर पत्रा उतरवणार आहे. मी सांगून ठेवलंय, उतरवला की मला द्या. आठ फूट लांब आहे आणि माझं दुकान आहे नऊ फुटी, बायकोला अजून सांगितलेलं नाही.

आपला,
एक डीटीपीवाला वाचक, म्हापसा

ता. क. – पत्र छापलंत तर ‘तिसऱ्या’ तेवढा प्रूफात बघून घ्या, तुमच्या हेडिंगच्या फॉन्टाची मला शंका आहे.